मालतीताईंची सावड

मालतीताईंची नि माझी ओळख झाली ती त्यांच्या ओरड्याने. इथे हॉलंडमध्ये, झूटरमेरच्या सभागृहात आपल्या मराठी मंडळाचा गणपती होता. मी द हेगमधल्या एका हॉटेलात तंदूरवर काम करतो. त्या दिवशीचं जेवण आमच्याकडचं होतं, म्हणून मीही वाढायला गेलो होतो. डब्याच्या पत्र्याने तळहात कापला, तो नॅपकिनमध्ये गुंडाळून मी आपला भात वाढत होतो.

"ए, थांब! भातावर काय वाढतोयस, रक्त?"

सगळी पंगत बघायला लागली. ताईंनी मला बाजूला नेलं, पर्समधून पट्टी काढली आणि ती बांधता बांधता विचारलं, "कुठला तू?"

"वेल्हे तालुका."

"भाताचा मुलूख. रोपं लावता येतात?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. या देशात रोपं लावता येतात का, हे कोण विचारतं? मी म्हटलं, "चालायला लागलो तेव्हापासून."

"मग रविवारी जेवायला ये."

तेव्हापासून मी बऱ्याच रविवारी त्यांच्याकडे जेवतो.

संपादकांनी ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणत होतो. माझी शाळा सातवीत सुटली. शिकलेल्या माणसांच्या पंक्तीला मी काय लिहिणार? पण ते म्हणाले, ताईंचं सासर आपल्यापैकी तू एकट्यानेच पाहिलंय. ते खरं आहे, म्हणून लिहितो.

ताईंचं नर्सिंग सगळ्यांना माहीत आहे. साठ वर्षं पूर्ण झाली तरी सायकलवर टांग मारून त्या म्हाताऱ्यांच्या घरी जातात. एक डच आजोबा कोणालाच दार उघडायचे नाहीत. ताई रोज खिडकीबाहेर उभ्या राहून त्यांच्या बागेतलं तण उपटायच्या. एक दिवस आजोबाच चिडून बाहेर आले, "ते तण नाही, ते फूल आहे!" झालं, दार उघडलं. आता ते ताईंखेरीज कोणाकडून इंजेक्शन घेत नाहीत.

माझं डोकं एका ठिकाणी टिकत नाही. ही नोकरी सोडतो, जर्मनीला जातो, जहाजावर जातो, असं मी महिन्याला एकदा तरी म्हणतो. ताई उपदेश करत नाहीत. बटाटे पुढ्यात ठेवतात. "हे सोलून झाले की सांग, कुठे निघालास ते." सोलून होईपर्यंत माझा राग उतरलेला असतो.

आता सासरचं. ताईंचे यजमान टोगार हे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचे, बाताक जमातीचे. आपली मंडळी त्यांना टोगारराव म्हणायची. ते शेतकी शिकायला इथे आले, ताई नर्सिंगला आल्या आणि दोघांनी लग्न केलं. टोगारराव गेले त्याला काही वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्यांचं गाव पाहिलं.

मेदानला विमानातून उतरलं की दिवसभर बस, मग मोठ्या तळ्याच्या वरच्या डोंगरात पायी चढायचं. पाऊस झाला की ती वाट निम्मी खाली गेलेली असते. आजारी माणसाला खुर्चीत बसवून उतरवतात. घरं लाकडाची, वर गंजका पत्रा. दिवा आहे, पण त्याच्या उजेडात समोरच्याचं तोंड ओळखलं तर नशीब. कॉफी वाटेवरच चटया टाकून वाळवतात. थडगी मात्र सिमेंटची, रंगवलेली, राहत्या घरांपेक्षा पक्की. पोरं शिकावीत म्हणून आईबाप म्हैससुद्धा विकतात आणि शिकली की पोरं मेदानला नाहीतर जकार्ताला जातात. मागे म्हातारी माणसं, लहान मुलं आणि उतारावरची भातखाचरं.

तिथे ताईंच्या सासूबाई एकट्या राहतात. त्यांना सगळे ओपुंग म्हणतात, म्हणजे आजी. नवऱ्याचं आणि टोगाररावांचं थडगं त्यांच्या खाचराच्या कडेलाच आहे. धाकटा मुलगा मेदानला असतो. त्याचं एकच म्हणणं, शेत पडीक पडलं की आईला घेऊन जाणार. आणि ओपुंगचं एकच म्हणणं, मी हलणार नाही.

त्या गावात मजूर लावून लावणी होत नाही. आपल्याकडे पूर्वी सावड असायची तशीच तिथली रीत आहे. तुम्ही माझ्या शेतात एक दिवस द्यायचा, मी तुमच्या शेतात एक दिवस देणार. पैसे पुढे केले तर बायका हसतात. "पैसा चिखलात उतरणार आहे का?" ज्या घरचा माणूस दुसऱ्याच्या चिखलात उभा राहिला नाही, त्या घरचं खाचर कोरडं राहतं. ओपुंगच्या घरात दिवस देणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून मालतीताई, तुमच्याआमच्यासारख्या झूटरमेरला राहणाऱ्या, सगळी सुट्टी साठवून दर वर्षी तिकडे जातात, गावभरच्या खाचरांत रोपं लावतात आणि शेवटी तेच हात ओपुंगच्या खाचरात उतरतात. आपल्याला वाटायचं, ताई दर वर्षी फिरायला जातात!

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. हाउसआर्ट्सने, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने, साफ सांगितलं, चिखलात पाय घालायचा नाही. ताईंनी कॉलिंग कार्ड घासून मेदानला फोन केला, तर धाकटे दीर म्हणाले, मग मी आईचं सामान बांधतो. त्या रविवारी ताई जेवल्या नाहीत. आमचं हॉटेल तेव्हा रंगकामासाठी बंद होतं. मी म्हटलं, "ताई, माझे गुडघे घ्या की."

असे आम्ही दोघं निघालो. तिथे ताई माझं सगळं बोलणं गावच्या लोकांना सांगायच्या, त्यांचं मला. गावात पोचल्यावर बायका जमल्या. शेजारची टियुर नावाची बाई त्यांची पुढारी, जिभेला धार. तिने विचारलं, "हा कोण?"

ताई ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "माझा भाऊ. माझ्या माहेरचा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग टियुरने स्वतःच्या खांद्यावरच्या शालीने चटई झटकली आणि मला वरच्या बाजूला बसवलं. कोणी पाणी आणलं, कोणी कोंबडी धरायला पळालं. मी म्हटलं, कसली चांगली माणसं! सकाळी पँट दुमडून खाचराशी गेलो, तर टियुर बांधावर हात पसरून आडवी उभी.

"ताई, काय म्हणतेय ही?"

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, माझंच चुकलं. इथे सुनेचं माहेर म्हणजे देवासारखं. माहेरच्या माणसाला कामाला लावलं तर शेताला पिकायची लाज वाटेल म्हणतेय."

"मग सांगा ना, भाऊ नाही म्हणून. भाडेकरू आहे म्हणा, गडी आहे म्हणा."

ताईंनी चपला काढून बांधावर ठेवल्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी या गावात येतेय. सणाला प्रत्येक सुनेच्या माहेरची चटई पडते. माझी कधी पडली नाही. काल पडली. ती मी उचलणार नाही."

"अहो, मग ओपुंगचं शेत?"

"तू बस. मी उतरते."

आणि उतरल्या. मी ओरडलो, हाउसआर्ट्सचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "त्याला इथून ऐकू जाणार नाही."

माझ्यासारख्या माणसाला बांधावर बसवणं म्हणजे शिक्षाच. मी बसून बघत होतो. तिथेही आपल्यासारखंच वाकून, रांगेने, मागे मागे सरत लावतात. रांगेत एक जण मागे पडला की सगळ्यांचा ताल जातो. ताईंचा पाय चिखलातून निघेना. दोन्ही हातांनी मांडी धरून त्या पाय उपसायच्या. मला वाटलं, आता टियुर काहीतरी तोडून बोलणार. टियुरने मान वर केली नाही. फक्त तिचे हात हळू झाले. मग तिच्या शेजारणीचे. मग सगळ्यांचे. सबंध रांग ताईंच्या चालीने सरकायला लागली. जे खाचर दुपारपर्यंत व्हायचं ते दिवस मावळेपर्यंत चाललं आणि एकीनेही 'चला गं लवकर' म्हटलं नाही. पुढचा प्रत्येक दिवस, प्रत्येक खाचर, असंच.

ओपुंगच्या लावणीच्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा बायका आधीच चिखलात होत्या. टियुरने ताईंना बांधावरच थांबवलं. "तुझं माहेर आलंय. आज तू त्याच्याजवळ बस."

मग मला म्हणाली, "आणि तू, नुसता कोंबड्या खातोस? माहेरचा माणूस लेकीला मासा खाऊ घालतो."

हे मात्र मला जमण्यासारखं होतं. खाली तळ्यावर पळत गेलो, मासा आणला, हळद आणि तिथली तिरफळासारखी मिरी घालून शिजवला आणि ताईंना वाढला. टियुरने एक घास चाखून तोंड वाकडं केलं, "मीठ हॉलंडला विसरलास?" आणि परत वाढून घेतला. ओपुंगने माझ्या मुठीत तांदूळ दिले, ताईंच्या डोक्यावर टाकायला. मी घाबरलो. "ताई मोठ्या आहेत. मी लहान. मी कसा आशीर्वाद देऊ?" ताईंनी ते ओपुंगना सांगितलं. म्हातारी म्हणाली, "माहेरचा माणूस लहान नसतो." ताईंनी डोकं पुढे केलं. मी तांदूळ टाकले. तेव्हा त्या रडल्या आणि मागे खाचर हिरवं होत होतं.

ओपुंग अजून त्याच घरात आहेत. यंदाचं भात झालं, असा धाकट्या दिरांचा फोन आला. सामान बांधायचं नाव त्यांनी काढलं नाही.

ताई, एरवी माझ्या वयाच्या माणसाने तुम्हाला फक्त नमस्कार करायचा. पण तुमच्या सासरच्या गावाने तो अधिकार मला दिलाय, तो मी सगळ्या मंडळासमोर वापरतो. शंभर वर्षं जगा. गुडघे धड राहोत. सायकलची साखळी पडू नये. आणि दर लावणीला तिथली रांग तुमच्या चालीने चालो.