पांढऱ्या कार्डावरचं औषध

सत्तरच्या दशकात मी साताऱ्याहून माधवनगरला आलो आणि एका कापडगिरणीच्या कामगार सोसायटीत कारकून झालो. उधारीची खिडकी माझ्याकडे होती. पांढऱ्या कार्डावर महिन्याला वीस रुपयांचा माल उधार मिळे, पिवळ्यावर पन्नासचा, हिरव्यावर शंभरचा. मर्यादेबरोबर सवलतीही वाढत. पिवळ्यावर औषधं उधार मिळत. हिरव्याला शिवाय दिवाळीत रांग न लावता वनस्पती तुपाचा डबा मिळे.

वर्षभर उधारी करून वेळेवर फेडणाऱ्याचं कार्ड वर चढे, उधारीच न करणाऱ्याचं खाली येई. कवठे महांकाळकडचा, मागावर काम करणारा एक कामगार सगळं रोख घेई. नियमाप्रमाणे मी त्याचं पिवळं कार्ड पांढरं केलं.

"आवं सायेब, उधारी केली न्हाई म्हनून उतरलं व्हय?" त्याला हसू आवरेना.

रांगेत मागे उभा असलेला त्याचा जोडीदार म्हणाला, "तरी सांगत हुतो गड्या, साबण तरी उधार घे. लय रोखीचा तोरा!"

पुढच्या पावसाळ्यात त्याची बायको तापानं पडली. महिनाअखेर होती, कुणाच्याच खिशात काही नव्हतं. तो डॉक्टरची चिठ्ठी घेऊन खिडकीवर आला.

"पगाराला चार दिस हायती. एवढं लिवून घ्या."

"पांढऱ्यावर औषध बसत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. "तुमी सही केली तर हुतंय म्हनत्यात."

होत होतं. कारकुनाला जामीन राहता येई. पण पैसे बुडाले तर कारकुनाचंच कार्ड खाली येई. माझं नुकतंच हिरवं झालं होतं. डब्याचं मी घरी सांगून बसलो होतो.

"माझ्या हातात नाही," मी म्हणालो. त्यानं चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी बायको गेली.

सोसायटीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "औषध मागायला आला नव्हता का?"

"नाही," मी म्हणालो. "उधारीला लाजला असेल."

हे बोलणं गिरणीच्या खात्याखात्यातून फिरलं. तोऱ्यापायी बायको घालवली, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणू लागले. सासरच्यांनी त्याची तान्ही मुलगी उचलून नेली. तो माझ्याकडे जाब विचारायला आला नाही. वर्षाच्या आत गिरणी सोडून गेला.

दिवाळीला डबा आला. आम्ही त्यात करंज्या तळल्या.

ती मुलगी आज पन्नाशीच्या आसपास असेल. बापाविषयी तिला जे सांगितलं गेलं, ते माझं खोटं होतं. तिच्या वडिलांनी औषध मागितलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा खिडकीत मीच बसलो होतो.