गुग्गुळाला पाणी

पाणी घालण्याआधी मावशी मातीत बोट खुपसायच्या, अगदी दुसऱ्या पेरापर्यंत. मग म्हणायच्या, "याला आज नको हाय." कुणी घाई केलीच तर त्यालाच विचारायच्या, "तुमी इचारला का त्याला?"

मुरबाडजवळच्या एका औषधी रोपवाटिकेत मी देखरेखीला होतो. मावशी टोकावड्याच्या वरच्या पाड्यातून यायच्या. शेतीची पदवी माझ्याकडे होती, झाडं मात्र त्यांचं ऐकायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका वर्षी मालकांनी कच्छहून गुग्गुळाची चाळीस रोपं आणली. गुग्गुळ हे वाळवंटातलं काटेरी झुडूप. खडकाळ, रेताड जमीन, कडक ऊन आणि वर्षाकाठी थोडासा पाऊस, एवढ्यावर जगणारं. मावशींनी त्याची कागदासारखी सुटणारी साल नखाने उचलली, खालचा हिरवेपणा पाहिला आणि विचारलं, "याच्या गावाला पाऊस केवडा?"

मी सांगितलं. त्या हसल्या. "मंग आपला पाऊस याला दावायचाच नाय."

मुरूम आणि वाळू पाटीने वाहून त्यांनी उंचवटा केला, त्यात रोपं लावली, वर प्लास्टिकचं छप्पर घातलं. पाणी जवळपास नाहीच. थंडी सरताना सगळी पानं गळली, नुसत्या काटक्या उरल्या. त्यातच मालक आले.

"पाणी कोण बघतं इथलं?"

कोरड्या दिवसांत गुग्गुळ पानं टाकतो, हे मी वाचलेलं होतं. तरी म्हणालो, "मावशी."

"झोपलंय ते, सायब. मेलं नाय," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी उगाच नळीचा पीळ सोडवत राहिलो. मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मग हुकूम आला, रोज पाणी. मी घालून घेतलं. पाऊस सुरू व्हायच्या आतच खोडं बुडाशी मऊ पडली. चाळीसच्या चाळीस कुजली.

दिवाळीनंतर माफी मागायला पाड्यावर गेलो. मावशी दारात वरई पाखडत होत्या. सुनेला कोरा चहा ठेवायला सांगितला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांनीच विचारलं, "झाडा कशी हायत?"

"पालवी आलीय," मी म्हणालो.

"बग," त्या सुनेला म्हणाल्या, "मी सांगत व्हते ना." त्यांचा चेहरा उजळला. चहा पिऊन मी खाली उतरलो.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. मला कळलं ते त्यानंतरच्या पौषात, म्हसा गावच्या जत्रेत, त्यांच्या सुनेकडून. कडेवर लेकरू घेऊन ती घोंगड्यांच्या दुकानापाशी उभी होती.

"जाईस्तवर त्या झाडांचाच सांगायच्या आई," ती म्हणाली. "पोरांना घेऊन येऊ का एकदा बगायला?"

"या की," मी म्हणालो.