लघवीच्या बाटल्या आणि विंचूरचे नाना

नाशिकात पॅथॉलॉजी लॅब चालवते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते. खरं तर निम्मा दिवस कपाळाला हात लावण्यात जातो. नव्वद सालानंतर साठलेले हे किस्से नुसते लघवीच्या बाटल्यांचे आहेत!

*

नाना विंचूरच्या कांदा मार्केटात तोलारी होते, मालाचं वजन करणारे. प्रोस्टेट वाढून लघवी अडली, म्हणून नळी घातली. ऑपरेशनला सर्जनची एकच अट होती, आधी इन्फेक्शन गेलं पाहिजे.

पहिल्या बाटलीत पाच प्रकारचे जंतू निघाले. विचारलं, "नमुना कुठून घेतला?"

"नळीच्या पिशवीतनं. सकाळपासून साठवली. म्हटलं, मॅडमला कमी पडायला नको."

ताजा नमुना नळीतून घ्यायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

*

दुसरी बाटली नीट आली. कोणतं औषध चालेल हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात गावच्या डॉक्टरांनी तीन अँटिबायोटिक्स सुरूही केली. मी फोन केला.

"मॅडम, एक नाही तर दुसरं लागू पडेल!"

लेकाच्या, शरीर नानांचं आणि लॉटरी तुझी? अशाने साधे जंतू मरतात आणि दांडगे तेवढे उरतात. मी फोन आपटला.

*

इगतपुरीचे एक रेल्वेतले पेन्शनर आले. त्यांनाही प्रोस्टेटपायी नळी.

"कधी घातली?"

"दिवाळीच्या आधी."

"कुठल्या दिवाळीच्या?"

ते बोटं मोजू लागले. जन्मभर गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस. पण नळी कधी बदलायची, हे हॉस्पिटलने केसपेपरवर लिहिलं नव्हतं. संताप येतो तो याचा.

*

नानांच्या तिसऱ्या बाटलीचा रिपोर्ट टाइप करण्याआधी मी दोनदा तपासला. जंतू कुठल्याच गोळीला दाद देईनात. एकच इंजेक्शन उरलं होतं. रोज एक, सात दिवस. ते फुकट गेलं तर नानांच्या ऑपरेशनचं नावच नको. त्यांना समोर बसवून तीनदा बजावलं, एकही चुकवायचं नाही.

सहाव्या दिवशी नाना लॅबमध्ये हजर. चेहरा खुललेला.

"ताप गेला मॅडम. लय बरं हाय आता."

"छान. अजून दोन राहिलीत ना?"

"नाय राहिली. एक शेजारच्या अण्णांना दिलं, एक त्यांच्या मेव्हण्याला. दोघांनाबी नळी हाय."