वाटणाऱ्याचा वाटा

नुकुनोनू बेटावर मासे पकडणारे पुष्कळ, पण वाटणारा एकच, पेलेनातो. होड्या भरून कुपा मासा आला की तो चर्चसमोरच्या मैदानात ओतला जायचा. पेलेनातो कमरेवर हात ठेवून त्या राशीकडे असा बघत राहायचा, की नवख्याला वाटावं, म्हातारा उभ्याउभ्या झोपला. तसा तो थोडा झोपायचाही. मग अर्ध्या मिटल्या डोळ्यांनीच घराघरासाठी माडाच्या झावळ्यांवर मासे मांडत जायचा. इथं बाळंतीण आहे, तिथं म्हातारीला मुंडकं आवडतं, पलीकडचा नवरा परदेशी गेलाय, पण गेलेल्याचाही वाटा असतोच. या वाटपाला आमच्याकडे इनाती म्हणतात. त्यात वाटणाऱ्यानं स्वतःचं शेवटी काढायचं आणि स्वतःसाठी चकार शब्द बोलायचा नाही. कमी पडलं तर लोकांना डोळे आहेत.

आमच्या पाण्याच्या आणि तीन शेजारी देशांच्या पाण्याच्या मधोमध समुद्राचा एक तुकडा आहे, तो कुणाचाच नाही. कुपाला हे कुणी सांगितलं देव जाणे, पण तो नेमका तिथंच जमतो. लांबलांबच्या बड्या बोटी येऊन तो उपसायला लागल्या, तेव्हा चौघा शेजाऱ्यांना जाग आली. तिथं कुणाच्या परवान्यावर किती दिवस जाळी पडायची, ते आपसात वाटून घ्यायचं ठरलं. वाट्याला आलेले दिवस बोटवाल्यांना विकता येणार होते. नुकुनोनूनं त्या पैशांतून एकच गोष्ट घ्यायची ठरवली होती, आजाऱ्याला समुद्रापलीकडच्या अपिया शहरातल्या इस्पितळात नेणारी स्वतःची वेगवान बोट. आमच्याकडे विमान उतरत नाही आणि जहाज त्याच्या मर्जीनं येतं. पेलेनातोची थोरली बहीण मेलेका त्या जहाजाची वाट बघत धक्क्यावरच वारली होती.

बोलणी अपियात होती. बेटाचा पुढारी तिनिएलु निघताना पेलेनातोला म्हणाला, "तू पण चल. नुसता बसून राहा. तुझ्याकडे बघून माणसं भांडायची थांबतात."

"झोप लागली तर?"

"तर घोरू नकोस."

जहाजाच्या डेकवर केवड्याच्या चटईवर पडल्यापडल्या पेलेनातोला सगळा समुद्रच मैदानासारखा दिसायला लागला. लाटा अंथरलेल्या झावळ्या झाल्या. पलीकडे मेलेका बसलेली, पाय सोडून, ओले केस वाळवत. "मला काय ठेवलंस रे?" तिनं विचारलं. तो सांगणार तेवढ्यात भोंगा वाजला.

हॉटेलातल्या सभागृहात गारठा होता. टेबलावर समुद्राचा मोठा निळा नकाशा पसरलेला, आणि बोलणी त्याच त्या जागी फिरत होती. उत्तरेकडचे म्हणाले, आमचं पाणी मोठं. पश्चिमेकडचे म्हणाले, आमची माणसं जास्त. दक्षिणेकडच्यांनी कधीतरीचे जुने अपमान उकरून काढले. शेवटी उत्तरेकडचा मुख्य माणूस, त्या गारठ्यातही घामट चेहऱ्याचा, भला हसरा गडी, वैतागून म्हणाला, "अहो, तो कोपऱ्यातला म्हातारा जन्मभर मासेच वाटत आलाय ना? त्यालाच वाटू द्या की."

सगळे हसले, आणि हसताहसता कबूलही झाले. तिनिएलुचा चेहरा उजळला. आपलाच माणूस वाटणार म्हणजे बोट धक्क्याला लागलीच म्हणायची. त्यानं सगळ्यांसमोरच्या वाट्यांमधल्या पेपरमिंटच्या गोळ्या गोळा करून टेबलाच्या मधोमध ओतल्या. एक गोळी म्हणजे मासेमारीचे काही दिवस.

पेलेनातो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पापण्या जड झाल्या. गार हवेच्या यंत्राची घरघर दूरच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटांसारखी लागायला लागली. नकाशाचं निळं पाणी हललं, आणि त्यातून कुपाची एक अख्खी रांग खुर्च्यांच्या पायांमधून पोहत गेली. तो वाटायला लागला. उत्तरेकडच्यांची बेटं सखल, भरतीचं पाणी विहिरीत शिरतं, त्यांना जास्त. पश्चिमेकडे लेकुरवाळी घरं. दक्षिणेकडच्यांना गेल्या वादळानं झोडपलेलं. सगळ्यांचं मांडून झाल्यावर त्यानं उरलेलं आपल्या बाजूला सरकवलं. जेमतेम मूठभर गोळ्या.

मग हात मांडीवर ठेवून तो खाली बसला आणि वाट बघत राहिला. आता कुणीतरी उठेल. आपल्या राशीतलं थोडं उचलून इकडे ठेवेल.

कुणी उठलं नाही. घामट गड्यानं तर आपल्यातली एक गोळी सोलून तोंडात टाकली. "सगळ्यांना मान्य?" सभा चालवणाऱ्या अध्यक्षबाईंनी विचारलं. तिघांनी एका सुरात हो म्हटलं. तिनिएलुच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण वाटणाऱ्याचा शब्द परक्यांसमोर मोडायची आमच्याकडे रीत नाही. तोही हो म्हणाला.

परतीच्या जहाजावर मेलेका आली नाही. पेलेनातोनं डोळे मिटून मिटून पाहिले.

घरी लोइमातानं, त्याच्या बायकोनं, पुढ्यात उकडलेला नीरफणस ठेवला आणि म्हणाली, "साऱ्या जगाला वाढून आलास म्हणे."

"त्यांना माहीत नव्हतं, लोइमाता. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं."

"बोलायचं होतंस मग. तोंड शिवलं होतं का तुझं?"

"वाटणारा कसा बोलेल?"

मऊ झालेला नीरफणस तिनं त्याच्याकडे सरकवला.

पुढच्या आठवड्यात माशांच्या होड्या आल्या. पेलेनातो मैदानात गेला तो लोक आता आपल्याला काढतील, हे शेवटचं वाटप, असं समजूनच. लोक नेहमीसारखे कडेला बसले होते. मासे थोडे होते. एकदोनदा तो मोजायला चुकला, पण घरामागून घर करत शेवटपर्यंत गेला. त्याच्या स्वतःच्या झावळीपाशी पोचला तेव्हा मासे संपले होते.

तो रिकाम्या झावळीसमोर बसला. मान वर करायची त्याची छाती होईना.

आधी बाळंतिणीची सासू उठली. आपल्या राशीतला एक मासा शेपटीला धरून आणला, त्याच्यासमोर ठेवला आणि परत जाऊन बसली. मग मुंडकं आवडणारी म्हातारी लंगडत आली आणि मुंडकंच ठेवून गेली. मग तिनिएलु. मग एकेक घर. पेलेनातो मान खाली घालून रडत होता, उघडउघड, लहान मुलासारखा. आपली बोट गेली, मेलेकाची बोट गेली, आणि ही माणसं मासे आणून ठेवताहेत.

"पुढच्या वर्षी परत बोलणी आहेत," तिनिएलु शेजारी उकिडवा बसत म्हणाला. "तूच चल. पण या खेपेला लोइमाताला घेऊन चल."

"मी आधी आपलं काढून घेईन," लोइमाता कडेला बसूनच म्हणाली. "मग बसा म्हणावं भांडत."

मैदानभर हसू पसरलं. पेलेनातोनं हाताच्या पालथ्यानं डोळे पुसले आणि समोर पाहिलं. त्याची रास मैदानातली सगळ्यात मोठी झाली होती. हे काही बरोबर नव्हतं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, कमरेवर हात ठेवले, डोळे अर्धे मिटले, आणि ती रास पुन्हा वाटायला लागला.