विमानातली दोरी

विमान हेलकावे खाऊ लागलं आणि शेजारच्या आजोबांना धाप लागली. हवाई सुंदरीही पट्टा बांधून बसली होती. पुढच्या सीटच्या रेक्झिनचा वास नाकात शिरला आणि मला नव्वदच्या दशकातलं आमचं विमान आठवलं.

कोल्हापूरबाहेरच्या बंद गुऱ्हाळात भुताच्या एका स्वस्तातल्या सिनेमासाठी ते बनवलं होतं. भंगारातली एसटी आतून पांढरी रंगवली, पुठ्ठे लावून खिडक्या गोल केल्या. घंटीची दोरी काढायची तेवढी राहिली. गर्दीतल्या प्रवाशांत मी आणि आई होतो. खरं विमान आतून कुणीच पाहिलं नव्हतं.

भुतानं एका म्हाताऱ्याचा गळा धरला, तशी आई ताडकन उठली आणि तिनं दोरी ओढली. टण्ण!

"ओ मावशी," दिग्दर्शक ओरडला, "विमान हाय हे! मधीच थांबत न्हाय!"

"माणूस मराय लागलाय की!" आई कडाडली. "आन् गाडी थांबवायची न्हाय व्हय?"

सगळे खो खो हसले. लाज वाटू नये म्हणून मीही हसले.

आज आजोबांचा श्वास घरघरत होता. जो तो आपापला पट्टा घट्ट धरून समोर बघत होता. माझा हात मात्र कधीच वर गेला होता, दोरी शोधत.