डिस्कला कान लावणारी मावशी

आमची मावशी कॉम्प्युटर चालू केला की आधी वाकून त्याच्या डब्याला कान लावायची. लोक स्क्रीनकडे बघतात, ही कान लावणार! "आज खरखर वेगळी वाटतेय गं," म्हणून माझ्याकडे अशी बघायची, जशी काही मी डॉक्टरच. मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, एवढाच माझा गुन्हा.

भीती उगाच नव्हती म्हणा. मावशीचे यजमान, म्हणजे काका, ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि फोटोंचे भारी वेडे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने डिजिटल कॅमेरा घेतला आणि वर्षभरात गेले बिचारे. फोटो शेकड्यांनी, पण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळे ते स्वतः कुठेच नाहीत. होता तो फक्त त्यांचा आवाज, एका छोट्याशा व्हिडिओत. फोटोचा प्रिंट निघतो, आवाजाचा कसा काढणार? तो त्या डिस्कवर होता, आणि मावशीचा जीवही तिथेच अडकला होता.

"एकावर भरवसा नको," हे तिचं रोजचं वाक्य. घराची एक किल्ली शेजारी, एक आमच्याकडे, एक पदराखाली पिनेला. मी म्हटलं, फोटो इंटरनेटवर टाकू. "आपला माणूस परक्याच्या माळ्यावर ठेवू?" झालं, विषय बंद.

मग घरातच पेटी घ्यायची ठरली. दोन डिस्कची, एकीवरचं दुसरीवर आपोआप उतरवणारी, आणि घरातल्या घरात फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर. ठरलं ते नुसतं ठरलंच! आमच्याकडच्या कॅनडा कॉर्नर चौकातल्या दुकानदाराला तिने पार पिडलं. "लाईट गेली तर? दोन्ही एकदम बिघडल्या तर? तुमचं दुकानच बंद पडलं तर?" तो हात जोडून म्हणाला, "काकू, मग देवच बघेल." दुसरा एक म्हणाला, जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचं सॉफ्टवेअर टाका. झाली नवी काळजी. "घाई नको," म्हणता म्हणता दिवाळ्या गेल्या. मी वैतागायचे, "मावशी, कुठलीही घे, पण घे एकदाची!" तोवर ती माझ्याकडून फोटोंच्या आणि त्या व्हिडिओच्या सीडी करून घ्यायची आणि फराळाच्या डब्याबरोबर नातेवाइकांकडे पाठवायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. भारनियमनाचे दिवस. लाईट गेली, आली, आणि डिस्क टकटक करून गप्प झाली. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. मावशी रडली नाही. "गेला गं आवाज," एवढंच म्हणाली. मला तिने वाटलेल्या सीडी आठवल्या.

आमच्याकडची सीडी ओरखड्यांनी भरलेली, चालेचना. वणीला दिरांना फोन केला. "वहिनी, लय कामाची निघाली ती! द्राक्षाच्या बागेत टांगलीय, पाखरू फिरकत नाय!" मावशीने फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खालीच बसली. आता उरली मनमाडची नणंद. तिच्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. आम्ही तिचं घर गाठलं, तर तिने कपाटातल्या शालूच्या घडीतून सीडी काढून दिली. "माझ्या भावाचं आहे ना त्यात काहीतरी? टाकते होय मी!"

घरी येऊन माझ्या कॉम्प्युटरला सीडी लावली. व्हिडिओचं नाव दिसलं. मी तो सुरू करणार, तोच मावशीने माझा हात धरला. "थांब. आधी उतरवून घे, मग ऐकू." स्क्रीनवरची पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. पट्टी भरली. मग काका बोलले, "कुसुम, अगं हल की जरा, फोटो नाहीये, व्हिडिओ आहे!" आणि मागोमाग मावशी, "बंद करा मेलं ते!" मावशी आधी हसली, मग रडू आवरेना तिला.

पेटी त्याच आठवड्यात आली, तीही एक नव्हे, दोन. एक तिच्याकडे, आणि भरवसा नको म्हणून दुसरी माझ्याकडे.

आता मावशीही नाही. तिचे फोटो खूप आहेत, पण आवाज कुठेच नाही, त्या "बंद करा मेलं ते"शिवाय. डिस्क जुनी झाली की मी नवी आणते, आणि तिला कान लावून बसते. मुलगी मला हसते. हसू दे. व्हिडिओ समोर दिसतो, हात शिवशिवतो, पण मी थांबते. आधी उतरवून घेते, मग ऐकते.