दोन वेण्यांची तालीम

तोंडावर वकीलकाकू आणि पाठीमागे काडीमोडकाकू. कॉलनीतल्या लोकांनी ठेवलेली ही दोन्ही नावं काकूंना ठाऊक होती आणि दुसरं जास्त आवडायचं. त्यांना लग्नाला बोलवायचं म्हटलं की लोक दहादा विचार करायचे. काकू मात्र हटकून जायच्या, पुढच्या रांगेत बसायच्या आणि नवरदेवाला "काही लागलं तर सांग हो" म्हणून त्याच्या आईचा चेहरा न्याहाळत बसायच्या. इतकी वर्षं दुसऱ्यांचे घटस्फोट करून दिले, पण बाईंचा स्वतःचा संसार ठणठणीत. त्यांचा नवरा म्हणायचा, "भांडायचं कसं ते तिला शिकवलंय, मला नाही. म्हणून मी आपला गप्प."

नवराबायकोच्या भांडणाचं काकू फारसं मनावर घेत नसत. मोठी माणसं आहेत, निस्तरतील. पण मूल कोणाकडे राहणार हा प्रश्न आला की त्या खुर्चीत सरसावून बसायच्या. तिथे त्यांची एक खोड होती. मूल मागायला येणाऱ्याला, म्हणजे स्वतःच्याच अशिलाला, त्या आधी कामाला जुंपायच्या. एका बापाला त्यांनी रात्री ताप आला तर काय करायचं ते घोकून घ्यायला लावलं, एका आईला सायकलची चेन बसवायला. "कोर्टात मी बोलेन," त्या म्हणायच्या, "पण सकाळी शाळेच्या वेळेला मी काही तुमच्या घरी यायची नाही."

एकदा त्यांच्याकडे एक बसड्रायव्हर आला. आडदांड गडी, पण खुर्चीच्या कडेला टेकलेला. सात वर्षांची एकुलती एक मुलगी. गुरुवार ते रविवार ती आपल्याकडे असावी, एवढंच त्याचं मागणं; लेकीनेही ते वार बोटांवर मोजून ठेवले होते. बायको म्हणत होती, रविवारी दोन तास भेट, बस्स. कारण एकदा त्याच्याकडून मुलगी थेट शाळेत गेली ती झिपऱ्या पिंजारलेल्या अवतारात. वर्गातली पोरं हसली, ही रडत घरी आली. 'ज्याला लेकीची वेणी घालता येत नाही तो तिला काय सांभाळणार,' असं बायकोच्या अर्जातच होतं.

"मुद्दा बरोबर आहे," काकू म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही माझ्या वकील ना?"

"म्हणूनच सांगते. उद्या येताना कंगवा आणा."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तालीम सुरू झाली. काकूंनी आपला अंबाडा सोडला, पांढरे केस पाठीवर मोकळे टाकले आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"एवढी लांबलचक बस मी बोळातून मागे घेतो, मॅडम. पण हे तिसरं पेड मधेच कुठून येतं?"

"उजवं मधे, मग डावं मधे. अहो, ओढू नका! हँडब्रेक नाही तो!"

नेमके त्याच वेळी बायकोचे वकील तडजोडीचं बोलायला आत आले. कडक इस्त्रीचा माणूस. समोरचं दृश्य पाहून ते दारातच थबकले. "मी... नंतर येतो."

"या हो, बसा. भांग सरळ आलाय का तेवढं सांगा."

वकीलसाहेबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "किंचित डावीकडे गेलाय." मग तिघंही असे हसले की शेजारच्या ऑफिसातला कारकून डोकावून गेला.

कोर्टाच्या समुपदेशकबाईंसमोर बैठक ठरली ती गुरुवारी. शाळा सुटल्यावर आई मुलीला घेऊन आली. खेळाच्या तासात पोरीच्या दोन्ही वेण्या सुटल्या होत्या. आईने पर्समधून कंगवा काढला.

"मी घालू?" बाप म्हणाला.

आईने कंगवा पुढे केला. भरल्या कोर्टात न डगमगणाऱ्या काकू खुर्चीच्या कडेला सरकल्या. इथे चुकला तर गुरुवार गेला, शुक्रवार गेला, हाती राहणार दोन तास. त्याने भांग पाडला. जिभेचं टोक दातात धरून एक वेणी घातली, मग दुसरी. रबर लावले. एक वेणी कानाच्या वर, दुसरी पार मानेजवळ. पण दोन्ही घट्ट, पेडन् पेड जागेवर. काकूंना उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आईच्या ओठांवर हसू आलं, ते तिने दाबलं. "ये इकडे, एक खाली गेलीय. नीट करून देते."

मुलीने दोन्ही वेण्या दोन मुठींत धरल्या. "नको. आज गुरुवार आहे. आज बाबाचा वार."

बसड्रायव्हरने मान खाली घातली आणि मनगटाने डोळे पुसले. आई लेकीकडे बघत राहिली. मग तिने पर्सची चेन लावली आणि नवऱ्याला म्हणाली, "कंगवा राहू दे तुझ्याकडे. तिच्या केसांना तोच लागतो."